बांधकामाची तपासणी: एजन्सी की पगारी इंजिनीअर? खर्च मांडताना या चुका टाळा

इंजिनीअरचा पगार आणि एजन्सीचा दर व्हिजिटचा दर शेजारी ठेवून निर्णय घेणे, ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. दोन्ही आकडे अपुरे असतात.

समजा, सात मजली इमारतीसाठी महिना ४५,००० रुपये पगाराचा क्वालिटी इंजिनीअर (कामाचा दर्जा तपासणारा) हवा आहे. निम्मा पगार मूळ वेतन (बेसिक) धरला, तर पीएफचा मालकाचा वाटा शुल्कासह १३ टक्के, म्हणजे २,९२५, ग्रॅच्युइटी ४.८१ टक्के, म्हणजे १,०८२. पेट्रोल-मोबाइलचे ४,००० धरले की आकडा ५३,००० वर जातो. एजन्सी व्हिजिटला ६,००० मागते. १८ टक्के जीएसटी धरून ७,०८०. १ एप्रिल २०१९ पासूनच्या ५ आणि १ टक्का दराच्या गृहप्रकल्पांना इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) नाही, त्यामुळे हा कर खर्चातच धरा. म्हणजे महिन्याला ७ व्हिजिटपर्यंत एजन्सी स्वस्त, आठवीपासून आपला माणूस.

पण व्हिजिट अंदाजाने धरू नका, कामाच्या टप्प्यांवरून मोजा. कॉलमची सळई, स्लॅबचे शटरिंग (काँक्रीटचा साचा) व सळई आणि प्रत्यक्ष काँक्रीट, अशा एका स्लॅबला किमान ३ तपासण्या लागतात. महिन्यात २ स्लॅब, तर ६. कव्हर ब्लॉक (सळई साच्यापासून वर ठेवणारे ठोकळे) कमी निघाले किंवा लॅप (दोन सळयांच्या जोडाची लांबी) चुकला की फेरतपासणीचे वेगळे बिल येते, आणि दोनदा असे झाले की हिशेब उलटतो. फिनिशिंगमध्ये तर रोज काही ना काही झाकले जाते: प्लास्टरखाली पाइप, टाइलखाली वॉटरप्रूफिंग. तिथे व्हिजिटचा करार पुरत नाही. आरसीसीला (सळई-काँक्रीटच्या सांगाड्याला) एजन्सी आणि फिनिशिंगला आपला इंजिनीअर, ही विभागणी बहुतेक मध्यम प्रकल्पांना योग्य.

लॅबचा खर्च हमखास सुटतो. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे ६० घनमीटरच्या स्लॅबला ५ नमुने, म्हणजे नमुन्याला ३ प्रमाणे २८ दिवसांनी तपासायचे १५ क्यूब (काँक्रीटचे चाचणी ठोकळे). ७ दिवसांनी तपासायचे वेगळे. ते एजन्सीच्या दरात आहेत का, हे लेखी घ्या.

आपला इंजिनीअर साइट मॅनेजरच्या हाताखाली ठेवू नका. आरएमसीच्या (तयार काँक्रीटच्या) गाड्या गेटवर उभ्या असताना त्याला ‘थांबा’ म्हणता येत नाही. एजन्सीचे बिल ठेकेदार भरत असेल, तर तोच दोष तिथेही. सळईची तपासणी आदल्या दिवशी करा. सही झाल्याशिवाय काँक्रीटची ऑर्डर देऊ नका.

रेरा (स्थावर मालमत्ता कायदा) नुसार ताब्यापासून ५ वर्षे बांधकामातील दोष प्रवर्तकानेच (बिल्डरने) दुरुस्त करायचे असतात. एजन्सीची जबाबदारी मात्र करारात फीपुरतीच असू शकते. ते कलम सही करण्यापूर्वी वाचा आणि सर्व रिपोर्ट, फोटो व क्यूबच्या नोंदी दर महिन्याला आपल्याकडे घ्या.