“बरं वाटतंय, आता कशाला गोळ्या?” याला उत्तर कसं द्यायचं

गोवंडीत टीबीच्या पेशंटांचा पाठपुरावा करताना तिसऱ्या महिन्यात हे हमखास ऐकावं लागतं: “ताई, खोकला गेला, वजन वाढलं, रिपोर्टही निगेटिव्ह आला.” अशा वेळी “डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून” एवढ्यावर भागत नाही. जंतू कुठे दडून बसलाय ते चित्र काढून दाखवा.

जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करा, पेनाने मोठा गोल काढा. ही फुप्फुसातली जंतू गिळणारी पेशी, मॅक्रोफेज. तिच्यात एक छोटी पिशवी काढून आत टिंब द्या: हा गिळलेला जंतू. शेजारी दुसरी पिशवी, आम्ल आणि पाचक रसांनी भरलेली. एरवी या दोन पिशव्या एकत्र होतात आणि जंतूचा निकाल लागतो. टीबीचा जंतू नेमकं तेच होऊ देत नाही. त्याचं कवच मेणचट असतं; त्यातले काही पदार्थ पिशव्यांना जोडणारे इशारेच बिघडवतात. पागडीच्या खोलीतला भाडेकरू कसा मालकालाच दाद देत नाही, तसा हा मारेकऱ्याच्याच घरात ठाण मांडतो. पेशीतल्या चरबीवर, कोलेस्टेरॉलवर गुजराण करतो. कधी पिशवीला भोक पाडून बाहेरही पडतो.

इथे पेशंट जरा गप्प होतो. मग वेळेचं सांगा. इतर कित्येक जंतू अर्ध्या तासात दुप्पट होतात, याला जवळपास 20 तास लागतात. काही तर नुसते पडून राहतात, आणि झोपलेल्या जंतूवर औषध नीट लागू पडत नाही. म्हणून साध्या टीबीला पहिले 2 महिने चार औषधं, पुढचे 4 महिने पायराझिनामाइड वगळून तीन. (एमडीआरचं, म्हणजे मुख्य औषधांना दाद न देणाऱ्या टीबीचं, वेगळं, तिथे हा हिशेब सांगू नका.)

रिपोर्ट पुढे केला तर सांगा, दुर्बिणीखाली जंतू दिसायला बेडक्याच्या एका मिलीलिटरमध्ये निदान 5 ते 10 हजार लागतात. त्याहून कमी असले तर निगेटिव्हच येणार.

या औषधांतल्या रिफाम्पिसिनने लघवी नारिंगी होते, हे पहिल्याच दिवशी सांगून टाका. नाहीतर रक्त जातंय समजून लोक गोळ्याच टाकून देतात. डोळे पिवळे दिसले, सारख्या उलट्या झाल्या किंवा नजर अंधुक झाली, तर मात्र समजावत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवा.