शाळा सुटायच्या आधी: एअर फ्रायरवरच्या खाऊची तयारी

एअर फ्रायरच्या नावात तळणं आहे, पण आत तळलं काहीच जात नाही. वर तापलेली कॉइल, तिच्यामागे जोरात फिरणारा पंखा आणि खाली जाळीची बास्केट, इतकाच संसार. म्हणून कुठलाही पदार्थ ठरवण्याआधी दोन गोष्टी बघाव्यात: तो गळेल का आणि तो उडेल का. कांदाभजीचं सरसरीत पीठ जाळीतून खाली गळतं आणि तिथेच करपतं. पापड किंवा पातळ पोहे पंख्याच्या झोतात उडून कॉइलला चिकटतात, मग घरभर जळका वास. या दोन्ही चाळण्यांतून जे उरतं ते मुलांसाठी बहुतेक स्वस्तच असतं: बटाटा, रताळं, छोले, उरलेल्या पोळ्या, उरलेल्या इडल्या आणि वाफवून ठेवलेल्या वड्या.

यंत्राची जागा आधी नक्की करावी. मागच्या बाजूने गरम हवा बाहेर पडते, म्हणून भिंतीपासून वीतभर अंतर हवं. वर लाकडी कपाट टेकलेलं नको. साधारण १,५०० वॅटचं यंत्र साडेसहा अँपिअर ओढतं, त्यामुळे फ्रिज किंवा गीझरसाठी असतो तसा १६ अँपिअरचा जाड पिनांचा सॉकेट लागतो. एक्स्टेन्शन बोर्डावर लावलं तर आधी प्लग गरम होतो, मग प्लास्टिक वितळतं. विजेची काळजी मात्र फार नको. १५ मिनिटं सलग चाललं तरी ०.३७ युनिटच्या आसपास जाते, आणि कढईभर तेल वाचतं ते वेगळं.

तेलासाठी पंपाची साधी स्प्रे बाटली किंवा सिलिकॉनचा ब्रश घ्यावा. दाबून फवारायच्या तयार डब्यांमधल्या तेलात बहुधा लेसिथिन असतं. ते बास्केटच्या नॉनस्टिक थरावर चिकट, तपकिरी पापुद्रा धरतं आणि घासून निघत नाही. खाली घालायचा कागद घेतला तर त्यावर पदार्थ ठेवूनच आत सरकवावा. यंत्र आधी तापवताना रिकामा कागद आत राहिला की तो उडून थेट कॉइलवर जातो.

आता खरी तयारी, आणि ती सकाळची किंवा रविवारची. संध्याकाळी पाच वाजता भुकेलं मूल समोर उभं असताना बटाटे सोलायला घेऊ नयेत.

बटाट्याच्या काड्यांसाठी २५० ग्रॅम बटाटे सोलून करंगळीएवढे जाड कापावेत आणि गार पाण्यात अर्धा तास ठेवावेत. पाणी पांढुरकं होतं तो वरचा स्टार्च. तो राहिला तर काड्या एकमेकींना चिकटतात आणि आतून शिजायच्या आधी बाहेरून काळपट होतात. मग निथळून सुती पंचावर पसरून अगदी कोरड्या कराव्यात. ही पायरी गाळली की काड्या भाजण्याऐवजी वाफवल्या जातात, लिबलिबीत होतात आणि दोष यंत्राला मिळतो. वर एक छोटा चमचा तेल, एक छोटा चमचा तांदळाचं पीठ, हाताने चोळून. १८० अंशांवर १५ ते १८ मिनिटं, मध्ये दोनदा बास्केट हलवायची. बटाटे फ्रिजमध्ये साठवू नयेत. थंडीत त्यांच्यातल्या स्टार्चची साखर होते आणि काड्या लवकर तांबूस-काळ्या पडतात. सकाळी कापून ठेवायचे असतील तर पाण्यात बुडवून झाकून फ्रिजमध्ये चालतात, पण त्याच दिवशी संपवावेत. रताळ्यात मुळातच साखर जास्त, म्हणून १७० अंश आणि १२ मिनिटांपासून सुरुवात करावी; २०० वर ठेवलं की टोकं कडू.

छोले रात्री भिजवून मिठासकट कुकरला तीन-चार शिट्ट्या काढाव्यात. दाबल्यावर मऊ, पण अख्खे राहिले पाहिजेत. पंचावर घासून कोरडे करताना सुटलेली सालं काढून टाकावीत, नाहीतर तीच आधी उडतात आणि जळतात. वाटीभर छोल्यांना एक छोटा चमचा तेल, १९० अंश, १५ मिनिटं. तिखट, चाट मसाला, आमचूर हे सगळं बाहेर काढल्यावर गरम असतानाच लावायचं. आधी लावलं की मसाला करपतो. पाच वर्षांखालच्या मुलांना कडक छोले, शेंगदाणे किंवा अख्खे मखाणे देऊ नयेत, घशात अडकतात. त्यांच्यासाठी मऊ भाजलेलं रताळं बरं.

रविवारी एकच गोष्ट करायची असेल तर ती कोथिंबीर वडी. निवडून, धुऊन, पूर्ण निथळलेली चिरलेली कोथिंबीर दोन वाट्या, बेसन एक वाटी, तांदळाचं पीठ दोन मोठे चमचे, तीळ, हळद, हिंग, मीठ आणि आलं-लसूण-मिरचीचं वाटण. पाणी दोन-तीन चमचेच. कोथिंबिरीला मीठ लागलं की तिचं स्वतःचं पाणी सुटतं. तेल लावलेल्या थाळीत थापून १५ ते १८ मिनिटं वाफवावं. सुरी कोरडी निघाली की झालं. पण कापायची घाई नको: गरम वडी सुरीखाली भुसभुशीत होते. पूर्ण गार करून सेंटिमीटरभर जाडीच्या वड्या कापाव्यात. डब्यात तीन दिवस फ्रिजमध्ये टिकतात. आयत्या वेळी दोन्ही बाजूंना तेलाचा हात फिरवून १८० अंशांवर १० मिनिटं, सहाव्या मिनिटाला उलटायच्या. तेल अजिबात न लावण्याचा हट्ट इथे महागात पडतो; बेसन कोरडं पडून तोंडात पीठ-पीठ लागतं आणि वडी ताटात तशीच राहते.

शिळ्या पोळ्या ताज्यांपेक्षा चांगल्या, कारण त्या आधीच वाळलेल्या असतात. तीन पोळ्यांचे शंकरपाळ्यांसारखे तुकडे करून एक छोटा चमचा तेल, मीठ, जिरेपूड चोळावी आणि १६० अंशांवर ५ ते ६ मिनिटं ठेवावं. वरून स्टीलची जाळी ठेवली की उडत नाहीत. काढताना थोडे नरम वाटले तरी थांबावं, गार होताना कुरकुरीत होतात. फ्रिजमधल्या गार इडलीचे चार तुकडे, तेल आणि चटणीपूड लावून, १९० अंशांवर ८ मिनिटं. ब्रेडवर चीज घालायचं तर शेवटच्या दोन मिनिटांतच, आणि सिमला मिरची, कांदा, टोमॅटो यांच्या वजनाखाली दाबून. सुटी चीज स्लाइस पंख्याला अलगद सापडते.

कुरडया आणि साबुदाण्याच्या पापड्या मात्र कढईसाठीच ठेवाव्यात. तापल्या तेलात पडताक्षणी जसं फुलतं तसं इथे फुलत नाही.

पुस्तिकेतली वेळ पहिल्यांदा दोन-तीन मिनिटं कमी धरावी. तिसऱ्या खेपेला आपल्या यंत्राचा अंदाज येतो, तो फ्रिजच्या दारावर लिहून ठेवावा. बास्केट अर्धीच भरावी, पदार्थ एका थरात. तीन मुलांसाठी दोन घाणे काढणं हे एका भरगच्च घाण्यापेक्षा लवकर होतं. मुलं एकटी घरी येत असतील तर हे यंत्र त्यांच्या हाती देऊ नये. त्या दिवशी सकाळी केलेले पोळीचे तुकडे किंवा चुरमुरे डब्यात ठेवावेत. भाजलेलं ताटात पसरून द्यावं, झाकणाच्या डब्यात नको, वाफेने पाच मिनिटांत मऊ पडतं. आणि बास्केट कोमट झाल्यावर साबणाच्या पाण्यात भिजत घालावी. तारेची घासणी लांब ठेवावी, खालच्या ताटलीत साठलेलं तेल त्याच दिवशी पुसावं. उद्याच्या धुराचं कारण बहुतेक वेळा तेच असतं.