पहिली पुल रिक्वेस्ट पाठवण्याआधी

ओपन सोर्स (ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा) प्रकल्पात नवखा माणूस अडतो तो सहसा कोड लिहिताना नाही, तर आपला बदल दुसऱ्याला चटकन वाचून समजेल असा मांडताना. कित्येक मेंटेनर (प्रकल्प सांभाळणारे) नोकरी सांभाळून उरलेल्या वेळात हे काम करतात. त्यांचा वेळ वाचवणारी पुल रिक्वेस्ट (आपला बदल प्रकल्पात घ्या, अशी विनंती) लवकर मर्ज होते, म्हणजे मूळ कोडमध्ये सामील होते.

आपण रोज वापरतो तेच सॉफ्टवेअर निवडावं, कारण त्यातलं काय खटकतं ते आपल्याला आधीच ठाऊक असतं. आधी 'कॉन्ट्रिब्युटिंग' ही फाइल वाचा. मग गेल्या महिन्या-दोन महिन्यांत किती पुल रिक्वेस्ट मर्ज झाल्या ते बघा. तिथे शुकशुकाट असेल तर दुसरा प्रकल्प शोधा. एखाद्या इश्यूवर (नोंदवलेल्या अडचणीवर) 'गुड फर्स्ट इश्यू', म्हणजे नवख्यांना जमेल असा, हे लेबल दिसलं तरी खालच्या कॉमेंट वाचा, तो इश्यू कुणीतरी आधीच घेतलेला असू शकतो.

फोर्क (प्रकल्पाची आपल्या खात्यातली प्रत) आणि क्लोन (ती प्रत आपल्या संगणकावर उतरवणं) झालं की काहीही न बदलता बिल्ड करा, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बनवा, सगळ्या टेस्ट चालवा. हे टाळलंत, तर नंतर फेल झालेली टेस्ट तुमच्यामुळे मोडली की मुळातच मोडकी होती, हे शोधण्यात दिवस जातो. मूळ रेपॉझिटरी (प्रकल्पाचा कोडसाठा) 'अपस्ट्रीम' नावाने जोडून ठेवा आणि काम नव्या ब्रँचवरच (कोडच्या वेगळ्या शाखेवरच) करा.

आता सगळ्यात जास्त छळणारी गोष्ट. बदल केला तीन ओळींचा, पण डिफमध्ये (जुन्या-नव्या कोडमधला फरक दाखवणाऱ्या यादीत) चारशे ओळी लाल-हिरव्या! एडिटरने सेव्ह करताना अख्खी फाइल फॉरमॅट केलेली असते, नाहीतर ओळींच्या शेवटी एलएफच्या जागी सीआरएलएफ (ओळ संपल्याची न दिसणारी वेगळी खूण) आलेलं असतं. गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात 'गिट डिफ -डब्ल्यू' (git diff -w) चालवा. त्यात मोकळ्या जागांचे फरक गळतात. तीनच ओळी उरल्या तर रोग सापडला. ऑटो-फॉरमॅट बंद करा, फाइल मूळ रूपात आणा आणि त्या तीन ओळी पुन्हा लिहा. चारशे ओळींत लपलेल्या तीन ओळी शोधायला कुणी बसत नाही.

कमिटच्या (गिटमध्ये नोंदवलेल्या बदलाच्या) संदेशाची पहिली ओळ साधारण 50 अक्षरांत, मग एक ओळ रिकामी, मग कारण. 'बग फिक्स' यातून काही कळत नाही. 'रिकामी फाइल उघडताना होणारा क्रॅश थांबवा' यातून कळतं. (प्रकल्पाची भाषा इंग्रजी असेल तर अर्थातच इंग्रजीत.) काही प्रकल्पांना 'साइन्ड-ऑफ-बाय' ओळ लागते, 'गिट कमिट -एस' (git commit -s, एस लहान लिपीतला) ती आपोआप घालतं. हा कोड देण्याचा हक्क मला आहे, अशी ती ग्वाही असते, म्हणून अर्थ समजूनच घाला.

रिव्ह्यूत बदल सुचवले तर नवी पुल रिक्वेस्ट उघडू नका. त्याच ब्रँचवर पुश केलं (नवे कमिट पाठवले) की जुनीच अपडेट होते. रीबेसनंतर (आपले कमिट मूळ कोडच्या ताज्या रूपावर पुन्हा रचल्यावर) पुश करताना '--फोर्स' ऐवजी '--फोर्स-विथ-लीज' वापरा: मधल्या काळात त्या ब्रँचवर दुसऱ्याने काही टाकलं असेल तर ते पुसण्याऐवजी गिट पुशच नाकारतं. उत्तर आलं नाही, तर आठवडाभर थांबून तिथेच एकदा नम्रपणे विचारा.