तापात अंगावर उठलं तर आधी तोंड बघा

मी केज तालुक्यात आशा म्हणून काम करते. आमच्याकडं ताप येऊन अंगावर काही उठलं की पहिला शब्द निघतो, "देवी आल्यात." मग लिंबाचा पाला आणि पाच दिवस घरातच. बहुतेक वेळा कांजण्या नाहीतर साधं व्हायरल पुरळ असतं, निभून जातं. माझ्या पुतण्याचं निभलं नाही, त्याला औषधाची गोळीच अंगावर उलटली होती.

तो ऊसतोडीला गेला होता. फिट येतात म्हणून तीन आठवड्यांपूर्वी कार्बामाझेपिनची गोळी सुरू झालेली. फडातच ताप भरला, डोळे चुरचुरायला लागले, घसा धरला. तिथल्या एका डॉक्टरांनी व्हायरल म्हणून सुई दिली, पुरळ दिसल्यावर ॲलर्जीची गोळी. फिटच्या गोळीचं त्यांनी विचारलं नाही अन् यानंही सांगितलं नाही. रोजची गोळी, ती काय औषध असते का! गावी आणला तेव्हा ओठ सोलून रक्त साकळलेलं, घोटभर पाणी उतरेना.

तर उजेडात बसवा आणि तोंड उघडायला लावा. ओठ, जीभ, गालाची आतली बाजू सोललीय का? डोळे लाल होऊन चिकटतायत का? लघवीला आग होते का, हेही विचारा. बायका लाजून सांगत नाहीत. मग कातडी. नुसती खाज असेल तर जीव जरा भांड्यात पडतो, पण हात लावल्यावर दुखत असेल तर घाबरायचंच. मधे काळपट टिकली अन् भोवती लाल कडं, पाण्याचे फोड, किंवा ओल्या कागदासारखी सरकणारी कातडी दिसली की 108 ला फोन करा. आम्ही अंबाजोगाईला नेलं.

या आजाराला स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम म्हणतात. कातडी अंगाच्या 10 टक्क्यांच्या आत सुटते तोवर हे नाव. 30 च्या वर गेली की त्याला टेन (टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलिसिस) म्हणतात, आणि ते जिवावरचं.

विषाणूनं झालं का गोळीनं, यावर घरात भांडत बसू नका. मोठ्या माणसांत बहुधा गोळी निघते, लेकरांत जंतुसंसर्गही असतो. ओठावर हर्पिसचे फोड येऊन गेल्यावर आठ-दहा दिवसांनी हातापायांवर मधे काळपट, भोवती लाल अशाच गोल चकत्या उठतात, तो बहुधा वेगळा, सौम्य आजार. ग्रंथीज्वराच्या (घसा धरून मानेत गाठी येतात त्या तापाच्या) विषाणूत अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक दिलं तरी अंगभर पुरळ येतं. खरा घोळ असा, की सुरुवातीचा ताप अन् घसा हीच या आजाराची पहिली पायरी असू शकते. आपण म्हणतो व्हायरल, आणि गोळी मात्र चालूच.

म्हणून डॉक्टरांना दाखवायला औषधांची यादी कागदावर लिहायची, ती कालच्या पॅरासिटामॉलपुरतं नाही. बहुतेकदा घात करणारी गोळी 4 ते 28 दिवस आधी सुरू झालेली असते, तरी तुम्ही दोन महिने मागं जा. फिटच्या गोळ्या, युरिक ॲसिडची ॲलोप्युरिनॉल, सल्फाची औषधं, वैदूची पुडी, सगळं तारखेसकट. रिकामी पाकिटंसुद्धा पिशवीत टाका. तोंड सोललेलं असेल तर नव्या गोळीचा पुढचा डोस डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. फिटची गोळी थांबली तर फिट परत येऊ शकते, म्हणून दवाखान्यात त्याच दिवशी पोचणं भाग आहे. दुसरं औषध तिथले डॉक्टरच देतील.

वाटेत हळद, राख, टूथपेस्ट काही लावायचं नाही. फोड फोडायचे नाहीत, चिकटपट्टी तर मुळीच नको, काढताना कातडी सोबत येते. धुतलेल्या जुन्या मऊ धोतरात सैल गुंडाळा.

डोळ्यांच्या डॉक्टरांना पहिल्याच दिवशी दाखवा, हे मी दहादा सांगेन. पुतण्याची कातडी भरली, पण डोळे अजून कोरडे पडतात, दिवसातून चार वेळा थेंब. त्याच्या पाकिटात आता एक कागद असतो: कार्बामाझेपिन नको, फेनिटोइनही नको. यंदा टोळीच्या मुकादमाकडंही त्याची एक झेरॉक्स दिलीय.