पन्हाळ्याच्या गारव्याला भुलू नका, आधी थर्मामीटर बुडवा

भाचा मनालीला जाऊन आला तो ट्राऊट डोक्यात घेऊनच. "मामा, पन्हाळ्याखालच्या शेततळ्यात हाच मासा सोडूया. रात्री घोंगडं लागतंय की तिथं!" शाळेच्या प्रयोगशाळेत मी तीस वर्षं काचा धुतल्यात. म्हटलं, घोंगडं तुला लागतंय, मासा पाण्यात असतोय. आधी पाणी मोज.

थर्मामीटर प्रयोगशाळेतला घ्या, लाल रेघेचा. घरातला तापाचा ३५च्या खालचं सांगतच नाही. काठाला बुडवू नका, तिथलं पाणी उन्हानं तापलेलं असतं. बाटलीला दोरी आणि दगड बांधा, बुचाला वेगळी सुतळी. बाटली तळाला टेकली की सुतळीला हिसका द्या, बुडबुडे थांबले की वर ओढा. सावलीत थर्मामीटर बाटलीतच ठेवून आकडा वाचा. (गाठ तपासा. माझी पहिली बाटली अजून तळाशीच आहे.)

पहाटे एकदा, दुपारी चारला एकदा. डिसेंबरातला आकडा बघून खूश होऊ नका. मार्च ते मे मोजा. सरासरी तर काढूच नका, मासा मरायला एक दुपार पुरते.

ट्राऊटला साधारण १० ते १६ अंश मानवतात. २०च्या वर त्याचं खाणं मंदावतं, २५च्या आसपास जगणंच अवघड. खरी गोम प्राणवायूची. १० अंशाला लिटरभर पाण्यात ११ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो, २०ला ९, ३०ला साडेसात. आणि पाणी तापेल तसा माशाला श्वास जास्त लागतो. पगार कापला आणि त्याच महिन्यात घरी पाहुणे आले, तशी गत! तळ्यात शेवाळ असलं तर रात्रभर तेही प्राणवायू ओढतं, म्हणून दुपारी तगलेला मासा पहाटे उलटा तरंगतो.

कुलूकडं नद्यांना बर्फाचं वाहतं पाणी. दक्षिणेत निलगिरीत अ‍ॅव्हलांचला १९०७ साली ट्राऊटची हॅचरी (अंड्यातून पिल्लं काढायची जागा) झाली खरी, पण ती दोन हजार मीटरच्या वर. आपला पन्हाळा जेमतेम हजार मीटर, आणि तळं तर त्याच्याही खाली.

मे महिन्यात भाच्यानं मोजलं. दुपारी वर ३१, तळाला २७. पहाटेसुद्धा २६. शेततळ्याचा काळा कागद दिवसभर ऊन पितो, दुसरं काय होणार?

"मामा, बर्फाच्या लाद्या टाकल्या तर?"

म्हटलं, तेवढ्या पैशात गडावर बंगला होईल.

पावसात कटला-रोहूची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडली. त्यांना २५ ते ३० अंश म्हणजे माहेर. तरी उन्हाळ्यात पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले, की पंप लावून पाणी उंचावरून तळ्यात पाडायचं, एवढं त्याला बजावलंय. थर्मामीटर त्याच्याकडंच आहे. पहाटेचा आकडा रोज पाठवतो, दुपारचा विसरतो.