जुनी कौलं, वासे, चिरे: घर पाडायच्या आधी काय बघायचं

आमच्या गोव्यातल्या डिचोलीकडं जुनं घर पाडायचं म्हटलं की थेट जेसीबी बोलावतात आणि कौलं, वासे, चिरे (भिंतीचे जांभे दगड) सगळं एकाच ढिगाऱ्यात, बघून जीव तुटतो. नवं घर बांधताय आणि जुना माल वापरायचाय, तर मालकाशी आधीच बोलून छप्पर हातानं उतरवून घ्या, जेसीबी नंतर.

कौलं घेताना प्रत्येक कौल उलटं करून बघा, पाठीवर कारखान्याचा शिक्का असतो. मंगळुरात 1865 साली बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेनं कौलांचा पहिला कारखाना काढला, मग बरेच निघाले, आणि प्रत्येकाच्या कौलाचं माप नि खाचा थोड्या थोड्या वेगळ्या. मी घाईत दोन शिक्क्यांची कौलं एकाच उतारावर चढवली, वरून अगदी सरळ दिसत होती, पण मिरगाच्या पहिल्याच पावसात स्वयंपाकघरात धार लागली, कारण खाचेत खाच बसतच नव्हती. म्हणून शिक्क्याप्रमाणे वेगळे ढीग करा, एका उताराला एकच शिक्का. कौल उभं धरून बोटाच्या पेरानं वाजवा, खणखणीत आवाज आला तर ठेवा, बद्द वाजलं तर आत चीर आहे. शेवाळ काथ्यानं घासून काढायचं. आणि रिपा, म्हणजे कौलं ज्यांवर टेकतात त्या आडव्या लाकडी पट्ट्या, ठोकायच्या आधी आठ-दहा कौलं जमिनीवर एकात एक अडकवून मांडा, जे अंतर येईल तेच रिपांचं अंतर, सुताराच्या अंदाजावर सोडू नका.

वाशांचं खरं दुखणं टोकाला असतं, भिंतीत गाडलेला भाग ओल धरतो आणि वाळवी तिथूनच शिरते. टोकाला स्क्रूड्रायव्हर दाबून बघा, सहज आत गेला तर चांगलं लाकूड लागेपर्यंत कापा, मग वासा आखूड होतो म्हणून खोलीची रुंदी वासे हातात आल्यावरच ठरवा आणि इंजिनिअरला दाखवा. खिळे सगळे उपटा, एक जरी राहिला तरी रंधा गेला. शेवटी काजूच्या टरफलाचं तेल लावा, हातमोजे घालूनच, कातडी भाजते.

चिरे मातीच्या बांधणीतले घ्या, ते अख्खे सुटतात. सिमेंटातले काढताना कोपरे फुटतात, ते जोत्याच्या भरावाला टाका.

सगळा माल झाकून, जमिनीपासून वर रचा, आणि छप्पर मे संपायच्या आत चढवा.