शिडाच्या छोट्या होडीत डोळे आणि डोकं : या चुका टाळा

गॉगल, टोपी, हेल्मेट आपण विकत घेतो ते सावलीत, ताठ उभं राहून, कोरड्या हातांनी, आरशात बघत. वापरायचं असतं ते एका अंगावर कललेल्या होडीत, मान वर करून, तोंडावर खारं पाणी उडत असताना. इथे लिहिलेल्या जवळजवळ सगळ्या चुका या एका फरकातून होतात. म्हणून वस्तू घालून आधी होडीत बसायचं, आणि मगच ती चांगली की वाईट ते ठरवायचं.

टोपी डोळ्यांवर ओढून घेणं

सगळ्यात धोक्याची चूक हीच, आणि ती मी केली आहे. वारा मागून होता, ऊन समोरून. डोळे दिपायला लागले म्हणून मी टोपीची चोच भुवयांपर्यंत खाली ओढली. थोड्या वेळाने हातातली मेनशीट, म्हणजे मुख्य शीड आवळायची दोरी, एकदम हलकी झाली. शिडाची मागची कड एकदा फडफडली. वारा शिडाच्या पाठीमागे शिरतोय आणि बूम, म्हणजे शिडाच्या खालच्या कडेचा आडवा दांडा, आता दुसऱ्या बाजूला येणार, याची ही सरळ सूचना होती. मान उचलली असती तर बूम निघालेला दिसला असता. पण मी नुसती नजर उचलली, आणि वर मला टोपीच्या चोचीची शिवण दिसली. बूम कानाच्या वर बसला आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले.

आता कोणतीही टोपी घेतली की मी ती घालून किनाऱ्यावर उभ्या होडीत आपल्या जागेवर बसतो. हनुवटी न हलवता डोलकाठीच्या टोकाकडे बघायचा प्रयत्न करतो. टोक दिसलं नाही तरी चालेल, पण बूम आणि शिडाचा खालचा अर्धा भाग दिसलाच पाहिजे. तो दिसत नसेल तर चोच आखूड हवी किंवा टोपी मागे सरकवून घालायला हवी. उन्हाची तिरीप थोपवायचं काम गॉगलवर सोपवावं.

चोचीची खालची बाजू गडद रंगाची असावी. फिकी असेल तर पाण्यावरून वर आलेला प्रकाश तिच्यावर आपटून पुन्हा डोळ्यांत येतो. गोल, रुंद काठाची टोपी किनाऱ्यावर उत्तम, पण वाऱ्यात तिचा मऊ काठ दुमडून नेमका डोळ्यांवर येतो. कान आणि मान झाकायची असेल तर मागे कापडी पडदा असलेली टोपी बरी. कापडावर यूपीएफ ५० (यूपीएफ म्हणजे कापड ऊन किती अडवतं त्याचं माप) असं लिहिलेलं असेल तर अतिनील किरणांचा साधारण पन्नासावा भागच आरपार जातो. साधं पातळ सुती कापड मुळातच कमी अडवतं आणि ओलं झालं की आणखी कमी.

टोपी उडू नये म्हणून गळ्यात दोरी अडकवतात. ही दोरी जोराचा हिसका बसल्यावर सुटणारी हवी. उलटलेल्या होडीच्या दोरखंडात न सुटणारी दोरी अडकली तर ती गळफासासारखीच. टोपीपासून शर्टाच्या कॉलरपर्यंत जाणारी छोटी क्लिप मला जास्त आवडते.

काळी काच म्हणजे सुरक्षित काच, असं समजणं

काच किती काळी आहे आणि ती अतिनील किरण किती अडवते, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी. काळ्या काचेमागे बाहुली मोठी होते. ती काच अतिनील अडवत नसेल तर डोळ्याच्या आत जास्तच किरण जातात. खूण बघायची ती यूव्ही ४०० ही, म्हणजे ४०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडवणारी. काळेपणासाठी ० ते ४ असे वर्ग असतात. वर्ग ३ ची काच ८ ते १८ टक्के प्रकाश आत सोडते आणि पाण्यावर बहुतेक दिवशी ती पुरते. वर्ग ४ ची ३ ते ८ टक्केच सोडते. ती घालून गाडी चालवायची नसते, हे घरी परततानाही लक्षात ठेवावं लागतं.

ढग आले की गॉगल खिशात ठेवणं हीही याच जातीची चूक. पातळ ढगांतून अतिनील किरणांचा मोठा भाग खाली येतोच. शांत पाणी ते फारसे परत फेकत नाही, पण समुद्राचा फेस सुमारे २५ टक्के फेकतो. हे किरण खालून आणि बाजूने येतात, त्यामुळे टोपीचा इथे उपयोग नसतो. गॉगल चेहऱ्याला वळून बसणारा हवा. आरशासमोर मान थोडी वळवून बघा : काचेच्या आत मागचा उजेड चमकताना दिसला तर बाजूची फट मोठी आहे.

दिवसभर पाण्यावर राहून रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपत असेल, पाणी येत असेल, दिवा सहन होत नसेल, तर तो बुबुळाला बसलेला उन्हाचा चटका असू शकतो. त्रास काही तासांनी सुरू होतो, म्हणून त्याचा उन्हाशी संबंध पटकन लागत नाही. कॉन्टॅक्ट लेन्स काढा, डोळे चोळू नका, अंधाऱ्या खोलीत पडून राहा. साधारण एकदोन दिवसांत हे बरं होतं. दुखणं वाढलं, दिसणं कमी झालं किंवा त्रास एकाच डोळ्यात असला तर डॉक्टर गाठा. वर्षानुवर्षं हेच चालू राहिलं तर वडस (डोळ्यावर चढणारा मांसल पडदा) वाढतो, मोतीबिंदूचा धोकाही वाढतो.

पोलराइज्ड काच न तपासता घेणं

पाण्यावरून येणारी चकाकी मुख्यतः आडव्या दिशेने ध्रुवित असते, म्हणजे तिच्या लहरी आडव्याच हलतात, आणि पोलराइज्ड काच नेमकी तीच गाळते. पाण्याचा पोत स्पष्ट होतो, पुढून येणाऱ्या वाऱ्याच्या झोताचा पाण्यावरचा गडद पट्टा आधी दिसतो. पण हा परिणाम काच सरळ असतानाच पूर्ण मिळतो. होडीबरोबर डोकंही कललं की तो उतरतो. होडी कितीही कलली तरी डोकं क्षितिजाशी समांतर ठेवायची सवय या कारणासाठीही चांगली.

दुसरी अडचण पडद्यांची. घड्याळ, डिजिटल होकायंत्र, जीपीएस यांचे एलसीडी पडदे पोलराइज्ड काचेतून काही कोनांत पूर्ण काळे दिसतात. गॉगल घेण्याआधी स्वतःचं घड्याळ डोळ्यांसमोर धरा आणि मान दोन्ही बाजूंना कलवून बघा. पडदा काळा होत असेल तर तो होडीवर बसवायचा कोन बदलून बघता येतो.

रंगाबद्दल माझं मत ठाम आहे : एकच गॉगल घेणार असाल तर राखाडी किंवा तपकिरी. राखाडीतून रंग जसेच्या तसे राहतात, तपकिरीतून ढगाळ दिवशी उठाव जास्त मिळतो. भडक रंगाच्या काचेतून लाल आणि हिरवा बोया एकमेकांत मिसळू शकतात, आणि वाट दाखवणाऱ्या खुणा याच दोन रंगांत असतात.

काच खरी काच नको. पॉलिकार्बोनेट घ्या. बूम, मेनशीटचा ब्लॉक (कप्पी) किंवा सहकाऱ्याचं कोपर लागलं तर ते फुटून डोळ्यात जाण्याची शक्यता फार कमी, आणि अतिनील अडवणं त्याच्या अंगचंच. ओरखडे मात्र त्यावर सहज पडतात.

हे ओरखडे कसे पडतात ते एकदा जवळून बघा. पाण्याचा थेंब काचेवर वाळतो, मध्ये पांढुरकं वर्तुळ उरतं. उन्हात काच तिरपी धरली की त्या वर्तुळात मिठाचे बारीक कण चमकताना दिसतात. आपण शर्टाचं टोक घेऊन ते पुसतो आणि कण काचेवरून फरफटत नेतो. चारपाच फेऱ्यांत काच धुरकट होते आणि लोक म्हणतात, गॉगलच खराब निघाला. आधी गोडं पाणी ओतायचं, मीठ विरघळू द्यायचं, मग मऊ कापडाने टिपायचं. होडीत यासाठी छोटी बाटली ठेवा.

गॉगलला तरंगणारा पट्टा लावता, तर तो घरी बादलीत टाकून बघा. पट्टा तरंगतो, पण जड फ्रेमसकट तरंगेलच असं नाही.

कोणतंही हेल्मेट चालतं, असं मानणं

सायकलच्या हेल्मेटमधला फोम एकदाच चेपून धक्का घेण्यासाठी असतो. वारंवार भिजण्यासाठी ते बनवलेलं नसतं. पाण्यावरच्या खेळांसाठी ईएन १३८५ या युरोपीय मानकाचं हेल्मेट बघा. ते मूळ कयाक आणि खळाळत्या पाण्यासाठीचं आहे, पण पाणी निथळायला भोकं, न कुजणारं अस्तर आणि ओल्या हाताने उघडणारं बक्कल या गोष्टी त्यात मिळतात. पुढे मोठी चोच असलेलं घेऊ नका. पाण्यात पडताना ती पाणी पकडते आणि मान मागे ओढली जाते.

मुलांसाठी वाढत्या अंगाचे कपडे घेतो तसं वाढत्या डोक्याचं हेल्मेट घेणं ही फार सर्रास चूक. सैल हेल्मेट पहिल्याच टोल्याला सरकून डोळ्यांवर येतं. पट्टा न लावता डोकं हलवा, कपाळाची कातडी हेल्मेटबरोबर हलली पाहिजे. पट्टा लावून मागची कड वर ढकला, ते पुढे घरंगळता कामा नये. आत टोपी घालत असाल तर माथ्यावरचं बटण नसलेली घाला, नाहीतर मार नेमका त्या बटणावर येऊन कवटीत रुततो.

आणखी एक गोष्ट फार कमी लोक सांगतात. हेल्मेटने डोक्याची उंची दोनतीन सेंटिमीटर वाढते, आणि वाकायची सवय मात्र जुन्या डोक्याच्या मापाची असते. पहिल्या दिवशी बूम हेल्मेटला घासून जातोच. मंद वाऱ्यात भरपूर जाइब (वारा मागून असताना बूम एका बाजूकडून दुसरीकडे नेणं) करून नवं माप अंगवळणी पाडा.

हेल्मेट जखम आणि कवटीचा तडा टाळायला मदत करतं. आत मेंदूला बसणारा हिसका ते पूर्ण थांबवू शकत नाही. म्हणून टोला बसल्यावर 'हेल्मेट होतं ना' म्हणत पुढे जाऊ नका. किनाऱ्यावर या आणि त्या दिवशी पुन्हा उतरू नका. माणसाला एकटं सोडू नका. उलट्या, दोन दोन दिसणं, बरळणं, वाढती डोकेदुखी, न आवरणारी झोप यांतलं काहीही दिसलं तर थेट दवाखाना, कारण लक्षणं काही तासांनीही येतात. जोराचा मार बसलेलं हेल्मेट, वरून धड दिसलं तरी, बदला. डोक्याला मार लागून माणूस बेशुद्ध पाण्यात पडला तर ५० न्यूटन उचल देणारं बॉयन्सी एड (तरंगायला मदत करणारं जाकीट) त्याचं तोंड वर फिरवेलच याची खात्री नसते. त्यासाठी १५० न्यूटनचं लाइफ जॅकेट असतं. हेल्मेट ठरवताना हेही ठरवा.

लेन्स लावून पाण्यात जाणं

पाण्यातले सूक्ष्मजीव लेन्सखाली अडकले तर बुबुळाला गंभीर संसर्ग होऊ शकतो. नंबरचा गॉगल करून घेणं हा खरा उपाय. लेन्स लावायचीच असेल तर एका दिवसात फेकायची लावा, वरून चेहऱ्याला वळणारा गॉगल घाला आणि परतल्यावर लगेच ती काढून टाका. प्रोग्रेसिव्ह चष्मा (दूरचा आणि जवळचा नंबर एकाच काचेत असलेला) असेल तर जपा : त्याच्या खालच्या भागातून पायाजवळचे दोर धूसर दिसतात, आणि जाइबच्या वेळी पाय नेमके तिथेच टाकायचे असतात.

सगळं जमवून झालं की छातीभर पाण्यात, सोबतीला कुणी असताना, सगळं अंगावर घालून होडी मुद्दाम उलटवा. शिडाखालून बाहेर या. काय अडकलं, काय निसटलं, डोळ्यांवर काय आलं ते तिथेच कळेल.